नाव झाकलेल्या स्की

निशिगंधा कांबळेच्या हातात काहीही द्या, ती आधी त्याची परीक्षा घेणार. कुकर असो, छत्री असो, नाहीतर जावई असो. धाकट्या बहिणीच्या होणाऱ्या नवऱ्याला तिनं व्हिडिओ कॉलवर असे काही प्रश्न विचारले होते, की बिचाऱ्याला घाम फुटला. यात स्वभाव निम्मा आणि नोकरी निम्मी. झुइडओस्ट नावाच्या डच उपनगरातल्या एका लॅबमध्ये ती खाण्याच्या पदार्थांची चव तपासते. बिस्किटं, चीज, सूप. वेष्टन नाही, कंपनीचं नाव नाही. समोर येते ती पांढरी वाटी आणि तिच्यावर तीन आकडी नंबर. नाव दिसलं की जीभ खोटं बोलायला लागते, असं ती म्हणते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे चीजलासुद्धा लागू आहे म्हणे.

बावीस वर्षांपूर्वी ती येरवड्याहून उइटहॉर्न या डच गावाला आली ती अश्वजितची बायको म्हणून, डिपेंडंट व्हिसावर. पहिली दोन वर्षं खिडकीतून बदकं बघण्यात गेली. मग सायकल शिकली, डच शिकली, नोकरी धरली. लेक सानिका आठ वर्षांची झाली आणि कळलं, की तिच्या वर्गातली निम्मी पोरं फेब्रुवारीच्या सुट्टीत ऑस्ट्रियाला बर्फात जातात. अश्वजितनं थंडीला कोपरापासून हात जोडले. ही बाई मात्र सदतिसाव्या वर्षी पायाला स्की बांधून उभी राहिली आणि पहिल्याच दिवशी इतक्यांदा आपटली, की शिकवणाऱ्यानंच तिला गरम चॉकलेट पाजलं. पण शिकली! तेव्हापासून दर फेब्रुवारीतला एक आठवडा मायलेकींचा. भाड्याच्या स्की, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, आणि दिवसभर पोरगी नजरेसमोर. वर्षातले बाकीचे एक्कावन्न आठवडे निशिगंधा त्या एकावर काढायची.

यंदा मात्र गाडी अडली होती. सानिका सप्टेंबरात मास्ट्रिख्टला शिकायला गेली. तिथल्या मित्रमैत्रिणींची ट्रिपही फेब्रुवारीत, नेमकी त्याच आठवड्यात. फोनवर विचारलं की सानिका म्हणायची, "बघू." हे 'बघू' निशिगंधाला चांगलंच ओळखीचं होतं, सासरी तिनं स्वतः पंधरा वर्षं तेच वापरलं होतं.

म्हणून तिनं ठरवलं, पोरीला स्वतःच्या स्की घेऊन द्यायच्या. यंत्रानं सपाट केलेल्या उतारावरही चालतील आणि कडेच्या उकरलेल्या, गोळ्यागोळ्यांच्या बर्फातही चालतील अशा, दोन्हीकडच्या. स्की मिळाल्या की पोरगी आपल्याबरोबर येईलच, असं ती कोणाला बोलली नाही. अश्वजितनं मात्र ओळखलं. "लाच देतेयस," तो पेपरातून मान वर न करता म्हणाला.

"तू गप रे!"

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी दक्षिणेकडच्या एका कृत्रिम बर्फाच्या बंदिस्त हॉलमध्ये स्की वापरून बघायचा दिवस होता. बाहेर रिमझिम, आत उणे पाच. सानिका मास्ट्रिख्टहून परस्पर आली, आईच्या गळ्यात पडली आणि पुढच्याच क्षणी तिनं कपाळावर हात मारून घेतला. कारण आईच्या पिशवीतून खाकी चिकटपट्टी, मार्कर आणि छापलेले तक्ते निघाले होते.

"आई, नो. नॉट हिअर. प्लीज."

"हिअरच! रंग बघून घ्यायला ती काय साडी आहे?"

काउंटरवरच्या यूप नावाच्या विक्रेत्याला तिनं डचमध्ये सगळं समजावलं: तीन जोड्या, रुंदी-लांबी आम्हाला सांगायची नाही, नावांवर पट्टी लावायची आणि वर तीन आकडी नंबर घालायचा. पिकल्या दाढीचा यूप वीस वर्षं स्की विकत होता, पण असं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटत होतं. तो खो खो हसला आणि त्यानं मन लावून पट्ट्या चिकटवल्या. दोनशे छप्पन्न, चारशे अठरा, सातशे तेहतीस.

सकाळी उतार कंगव्यानं विंचरल्यासारखा सारखा होता. सानिका वरून यायची, निशिगंधा खाली उभी राहून गुण मांडायची. मग तीच स्की स्वतः घालून एक फेरी मारायची. वळण, पकड, धक्का, भरवसा. प्रत्येकाला एक ते नऊ. सानिकालाही वेगळा तक्ता. एकमेकींचा बघायचा नाही, चर्चा करायची नाही. दोनशे छप्पन्न कडक निघाली. गुळगुळीत बर्फावर छान, पण वळवायला कटकटी. ती बाद. राहिल्या दोन.

दुपारपर्यंत शंभर लोकांनी उताराचा पार चिवडा केला. मध्ये ढीग, कडेला घासून काचेसारखी झालेली जागा. निशिगंधाला हवं होतं ते हेच. चारशे अठरा घालून सानिका शहाण्या मुलीसारखी आली, आईच्या शेजारी येऊन अलगद थांबली. सातशे तेहतीसवर मात्र काय झालं कोण जाणे! ढिगांवरून ती अशी काही निघाली, की निशिगंधाला नुसती निळी टोपी दिसली, तीही गर्दीत गेली. सापडली ती थेट लिफ्टच्या रांगेत, पुन्हा वर जायला निघालेली.

"वन मोअर! आई, ही भारी आहे!"

शेवटच्या फेरीला दोघी एकाच आडव्या दांड्याला टेकून, लिफ्टनं ओढल्या जात वर निघाल्या. या लिफ्टवरून मध्येच उतरता येत नाही. सानिकानं तीच वेळ निवडली.

"आई, फेब्रुवारीत मी फ्रेंड्सबरोबर जातेय. आय शुड हॅव टोल्ड यू. तू एवढं सगळं करत होतीस, मला बोलवेना."

निशिगंधानं दांडा घट्ट धरला. डोळे भरून आले होते आणि हातमोज्यानं डोळे पुसता येत नाहीत. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा पोरगी बरोबर नसणार होती.

"रागावलीस?"

"नाही गं. समोर बघ, दांडा सुटेल."

खाली आल्यावर कॅन्टीनमध्ये दोघींनी तक्ते शेजारीशेजारी ठेवले. आईच्या तक्त्यात चारशे अठरा पहिली, चांगल्या अंतरानं. लेकीच्या तक्त्यात सातशे तेहतीस, जवळजवळ सगळीकडे नऊ. एवढा फरक? लॅबमध्ये एवढा फरक पडला की शेरे वाचायचे, अशी रीत. निशिगंधानं चष्मा लावून स्वतःचेच शेरे वाचायला घेतले.

चारशे अठरासमोर लिहिलं होतं: 'शांत. सानिका पूर्ण वेळ दिसते. जवळ येऊन थांबते.' सातशे तेहतीससमोर: 'फार पुढे जाते. दिसत नाही.' आणि भरवसा या रकान्यात तीन गुण. त्याच्याच शेजारी तिनं स्वतः मारलेल्या फेरीचा शेरा होता: 'माझ्याच्यानं आवरत नाही, पण ढिगांतून अजिबात डगमगत नाही.' म्हणजे स्कीत खोट नव्हती. निशिगंधानं स्कीला गुण दिलेच नव्हते. पोरगी किती लांब गेली, त्याचे कापले होते!

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली.

"व्हॉट?"

"आमच्या लॅबमध्ये एक बाई होती. नवऱ्याशी भांडून आली की सगळी सुपं तिला खारट लागायची. शेवटी तिला पॅनेलवरून उठवलं." निशिगंधानं मार्कर घेतला आणि आपल्या तक्त्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रेघ मारली. "माझा तक्ता रद्द. तुझाच धरायचा."

सानिकानं आधी तो तक्ता ओढून घेतला, आणि अडखळत, बोट ठेवून, आईचं मराठी वाचलं. 'सानिका पूर्ण वेळ दिसते.' वाचून झाल्यावर तिनं खुर्ची आईला चिकटवून घेतली आणि बराच वेळ तिच्या खांद्यावर डोकं ठेवून बसली.

काउंटरवर यूपनं पट्ट्या सोलल्या. आत काय नाव आहे, हे निशिगंधानं बघितलंसुद्धा नाही. मग स्कीवर बूट अडकवायचा खटका किती घट्ट लावायचा यासाठी त्यानं फॉर्म काढला. वजन, उंची, वय आणि शेवटी चालवणाऱ्याचा प्रकार: एक म्हणजे जपून, दोन म्हणजे मध्यम, तीन म्हणजे वेगानं. दर वर्षी भाड्याच्या दुकानात हाच प्रश्न यायचा आणि सानिकानं तोंड उघडायच्या आत निशिगंधा सांगून मोकळी व्हायची, "एक." अकरा वर्षं, एक.

पैसे देणारी ही, म्हणून यूपनंही हिच्याकडेच बघून विचारलं. निशिगंधानं सवयीनं तोंड उघडलं, आणि मिटलं.

"तिलाच विचारा," ती म्हणाली.

सानिकानं एकदा आईकडे बघितलं. "तीन," तिनं डचमध्ये सांगितलं.

यूपचं पेन थांबलं. एवढीशी पोरगी, तीन? त्यानं पुन्हा आईकडे बघितलं.

"लिहा," निशिगंधा म्हणाली. "मी बघितलंय."