कवळीवाल्याची किळस

मी त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं ते पाठमोरं. आमच्या इमारतीच्या जिन्यात, दोन मजल्यांच्या मधे, तो भिंतीकडे तोंड करून डबा खात होता. वर त्याच्याच घराचं दार उघडं, आतून बायको-मुलीचं बोलणं ऐकू येत होतं. माझा जन्म शाळेत शिकवण्यात गेलेला, त्यामुळे मनात आलं, याला कोणी शिक्षा केली? माझी पावलं थांबलेली कळली तसा तो न वळताच म्हणाला, “बाई, जा तुम्ही. मी जेवतोय.”

दातांच्या डॉक्टरांना लागणाऱ्या कवळ्या जिथे बनतात, तिथे तो कामाला होता. इमारतीत त्याला सगळे कवळीवालाच म्हणत. दात कोरून पोट भरत नाही ही म्हण याने खोटी पाडली, अशी तळमजल्यावरच्या शिंप्याची थट्टा. त्यावर तोही हसे, पण ओठ मिटून.

पुढे त्याची मुलगी माझ्याकडे गणितं विचारायला येऊ लागली, आणि तिला न्यायला येता येता तो बोलू लागला. डॉक्टरांकडून दातांची मापं पिशव्यांतून येतात. रबरासारखा गुलाबी लगदा, त्यात दातांचे खड्डे. आधी ते धुवायचं. कुणाच्या मापात भाजीचा धागा, कुणाच्यात रक्ताची तार, थुंकी तर सगळ्यांच्यात. मग त्यात प्लास्टर ओतायचं की झाली बत्तिशी तयार. पूर्वी हे तो मजेत करी. तेव्हा मापं देणारी माणसं म्हातारी होती आणि कामाला वेळ होता. आता तिशीतल्या लोकांच्या झिजलेल्या दाढा येत. झोपेत दात खाणारे लोक. त्यांना रात्री दातांवर चढवायला पारदर्शक पट्टी लागते, आणि प्रत्येक पिशवीवर मालकाची लाल चिठ्ठी असते: आजच.

“सगळं गाव रात्री दात-ओठ खातं, बाई. आणि त्याचा चुरा माझ्या ओट्यावर येतो,” तो म्हणाला.

ताण हा शब्द त्याने कधी वापरला नाही. त्याला किळस येई. आधी कामावरच्या लोकांबरोबर जेवणं सुटलं, मग घरच्यांबरोबर. समोरचं तोंड हलायला लागलं की त्याला लगदा दिसे. मग झोपलेल्या माणसाचं उघडं तोंड बघवेना, म्हणून त्याने अंथरूण स्वयंपाकघरात नेलं. घरात दातांचा विषय काढायचा नाही, असा नियमही करून टाकला. त्याची बायको दुकानात गल्ल्यावर बसायची. दिवसभर गिऱ्हाइकांशी गोड बोलून घरी यावं, तर नवरा जिन्यात.

मालकालाही कुठूनसं कळलं की कामगारांवर ताण आहे. त्याने एक पाहुणा बोलावला, छान इस्त्रीचा शर्ट घातलेला. पाहुण्याने सगळ्यांना जेवणाच्या सुट्टीत उभं केलं, डोळे मिटायला लावले आणि खोल श्वास घ्या म्हणाला. ज्या खोलीत प्लास्टरची भुकटी उडते आणि बाटलीतल्या औषधाच्या वासाने डोकं धरतं, तिथे खोल श्वास! लाल चिठ्ठ्या बंद करा, एवढं एक वाक्य त्या पाहुण्याला सुचलं नाही. जाताना भिंतीवर हसऱ्या चेहऱ्याचं चित्र लावून गेला. त्या चेहऱ्याला भरपूर दात होते.

मग एका रविवारी त्याची बायको माझ्याकडे आली आणि घराची किल्ली तुमच्याकडे ठेवाल का, म्हणाली. मुलीला घेऊन भावाकडे निघाली होती. परत येण्याचं काही बोलली नाही. नवऱ्याला सांगितलंय का, विचारलं, तर म्हणाली, सांगायला समोर बसावं लागतं. बोलताना तिने दोनदा गाल दाबून धरला.

तेवढ्यात तो जिना चढून वर आला. रविवारीही कामाला बोलावलं होतं. माझं दार उघडं होतं. बायकोला आणि तिच्या पायाशी ठेवलेल्या पिशव्यांना बघून तो उंबऱ्यातच थबकला. मग खिशातून एक छोटी डबी काढून त्याने तिच्यापुढे धरली. आत दातांवर चढवायची पट्टी होती.

“तुझी आहे,” तो म्हणाला.

ती डबीकडे बघत राहिली. तिचा जबडा कित्येक महिने ठणकत होता. घरात विषय काढायचा नाही, म्हणून ती एकटीच डॉक्टरकडे जाऊन माप देऊन आली होती. आसपासच्या सगळ्या डॉक्टरांची मापं याच्याच ओट्यावर येतात, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

“मापावर नाव नसतं ना?” तिने विचारलं.

“नसतं. पण वरचा तो वाकडा दात मी ओळखणार नाही?”

“बघितलात कधी? मी हसले की तोंड फिरवता तुम्ही.”

त्याने डबीचं झाकण लावलं. मग म्हणाला, “दाढा पार सपाट झाल्यात तुझ्या. मला सांगायचं नाही का?”

“आपलेच दात, आपलेच ओठ,” ती म्हणाली. “सांगते कुणाला?”

मी चहा टाकायला आत गेले. दोघांना माझ्यासमोर भांडायला लावायचं नव्हतं. बाहेर आले तेव्हा तो खुर्चीवर बसला होता, तिच्या समोर, आणि तिचं बोलणं तोंडाकडे बघून ऐकत होता. त्याचा चेहरा आंबट झाला होता, पण नजर त्याने हलवली नाही. त्या दिवशी ती गेली नाही. किल्ली मात्र पुष्कळ दिवस माझ्याकडेच होती.

नोकरी तीच आहे, लाल चिठ्ठ्याही येतातच. आता रविवारी बोलावलं तर तो जात नाही, त्यावरून मालक टोमणे मारतो. परवा मी त्याला विचारलं, किळस गेली का रे? म्हणाला, “कसली जाते, बाई.”

आता तो बायको-मुलीच्या खोलीत झोपतो, आणि सकाळी उठल्यावर बायकोची पट्टी तोच धुतो.