चिलापी मेली त्या सकाळी

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगते आहे, ते मलाही नीट कळत नाही — कदाचित तुम्ही आमच्या गावचे नाही, म्हणून.

माझं काम समुद्राचं. म्हणजे समुद्रातल्या भोवऱ्यांचं. भोवरा म्हटलं की लोकांना होडी गिळणारा खड्डा आठवतो. हे तसे नसतात. इंदापूर आणि बारामती, दोन्ही तालुके मावतील एवढं पाणी संथपणे स्वतःभोवती फिरत राहतं — इतकं संथ, की वरून जाणाऱ्या जहाजाला पत्ता लागत नाही. किनाऱ्याजवळ असा भोवरा तयार झाला की तिथलं पाणी तो पोटात धरतो आणि ते घेऊन महिनोन्महिने खुल्या समुद्रात सरकत जातो. बाहेरचं पाणी आत फारसं मिसळत नाही. वर वाढलेलं शेवाळ मरून खाली जातं, कुजतं, आणि कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपवतं. वरून सगळं निळंशार. आत माशाला श्वास घेता येत नाही.

हे इतकं सविस्तर का सांगते आहे? कारण मला हे माहीत होतं. त्या सकाळीही माहीत होतं.

माझं माहेर इंदापूर तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठावर. दादाने पाण्यात जाळीचे पिंजरे टाकून चिलापी मासे पाळायचं ठरवलं, तेव्हा जागा मी दाखवली. एका वळणावर, खोल, वारा लागत नाही अशी. तिथे शंकरतात्या आधीपासून जाळं लावायचे. आमचे शेजारीच ते. लहानपणी त्यांच्या होडीतून मी किती फिरले असेन. ते चारचौघांत दादाशी भांडले. "माज्या जाग्यावर पिंजरं टाकलं तर बघ मग," म्हणाले. रागात माणूस बोलतो तसं. पिंजरे तिथेच पडले.

पुढच्या उन्हाळ्यात मी सुट्टीवर घरी होते. काही दिवस मळभ होतं, मग जोराचा वारा सुटला. वारा पडला त्या सकाळी पिंजऱ्यातली सगळी चिलापी पांढरी पोटं वर करून तरंगत होती. दादा गुडघाभर पाण्यात उभा राहून रडत होता.

माझ्या बॅगेत कामाचं यंत्र होतं, पाण्यातला प्राणवायू मोजणारं. सगळे काठावर ओरडत असताना मी होडीतून पिंजऱ्यापाशी गेले आणि ते खाली सोडलं. काटा जवळजवळ शून्यावर. धरणात समुद्रासारखे भोवरे नसतात — पण तळाशी कुजकं, श्वास संपलेलं पाणी साचतंच. वाऱ्याने वरचं पाणी पलीकडे ढकललं की तळातलं वर येतं, आणि अशा वळणात कोंडून राहतं. मोकळा मासा पळून तरी जातो. पिंजऱ्यातला कुठे जाणार?

जागा चुकली होती. माझी.

यंत्र पुसून मी परत बॅगेत ठेवलं.

काठावर आले तर लोकांनी तात्यांना घरातून ओढून आणलं होतं. "ह्यानंच औषद टाकलंय," कोणीतरी ओरडत होतं. तात्यांचा शर्ट खांद्यावर फाटला होता. त्यांनी मला पाहिलं आणि — हे कसं सांगू? — त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव आला.

"सुमन, तू शिकल्याली हायस. पान्यात इख न्हाय म्हनून सांग ह्यांना."

दादा माझ्याकडे बघत होता. जागा बहिणीनं निवडली, ती समुद्राची शास्त्रज्ञ आहे, हे त्याने गावभर सांगितलं होतं.

मी म्हटलं, "असं बघून सांगता येत नाही. तपासायला पाठवावं लागेल."

एवढंच. मी आरोप केला नाही — असं पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. पण त्या वाक्याचं काय होणार, हे मला कळत नव्हतं का? लोकांनी त्यांची होडी काठावर ओढली आणि कुऱ्हाडीने फोडली. जाळी पेटवली. तात्या माझ्याकडेच बघत राहिले. मी चपलेचा चिखल काढत होते.

पाणी तपासायला कोणी पाठवलं नाही. मीही नाही.

त्यानंतर गिरणीवर बायका तात्यांच्या बायकोशी बोलेनात. पावसाळ्याआधी दोघं बारामतीजवळच्या माळेगावला लेकीकडे निघून गेली. जन्म पाण्यावर काढलेला माणूस तिथे, साखर कारखान्याबाहेर उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेपाशी, चहाच्या टपरीवर कप विसळायचा. एकदा तात्या बारामतीच्या स्टँडवर समोर आले. त्यांनीच विचारलं, "बरी हायस का गं?" बरी आहे, म्हटलं मी. माझी गाडी लागली होती, मी चढले. ती सुटायला वेळ होता. तेव्हाही सांगता आलं असतं.

दादाने मासे परत पाळले नाहीत. मी भोवऱ्यांवर व्याख्यानं देते. लोक टाळ्या वाजवतात.

गेल्या भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर दादा म्हणाला, "शंकरतात्या गेला. माळेगावलाच." मग म्हणाला, "लई वाईट केलं त्यानं माजं. पन आता मनात काय ठिवलं न्हाय. माफ केलं मी त्याला."

वहिनी म्हणाली, बरं केलंत.

मी ताटातली करंजी उचलली आणि "हं" म्हटलं.