दाढी वाळेपर्यंत

गेल्या नाताळच्या आदल्या दिवशी, सकाळी सव्वादहाच्या सुमारास, मी कळंबमध्ये राहत्या घरी वारलो.

तब्येत तेव्हा बरी होती. महिनाभर आधी मात्र ती खरोखरच मरण्याच्या लायकीची होती. आधी डेंग्यू झाला, तो उतरतोय तोवर टायफॉइड आला, आणि मी अकरा दिवस दवाखान्यात पडून होतो. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी शहाळं ठेवायचा आणि मग 'पेशी किती?' असं विचारायचा. (ज्यांना माझं नाव आठवत नव्हतं, त्यांनाही कालच्या पेशी पाठ होत्या!) घरी आलो तेव्हा माझ्या जुन्या पँटीत मी आणि आणखी एक बारीक पाहुणा आरामात मावलो असतो. गावात माझं विहिरीवरच्या पाण्याच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचं दुकान आहे. तेही महिनाभर बंद राहिलं.

त्या अकरा दिवसांत माझी बायको सुमन एकदाही रडली नाही. सलाईन संपत आली की नर्सला हाक मारायची आणि मी काही बोलायला गेलो की 'गप पडा' म्हणायची. तिसरीतल्या आमच्या ईश्वरीला वॉर्डात सोडत नव्हते. ती खाली गेटपाशी उभी राहून फोनवर बोलायची. एकदा तिनं विचारलं, "पप्पा, तुमी घरी येणार ना? नक्की?"

मला तेव्हा भरपूर ताप होता. मी म्हणालो, "येणार! आणि नाताळला तुझ्या शाळेत सांताक्लॉजपण मीच होणार!"

पुढे ताप उतरला. पोरीच्या डोक्यातून सांताक्लॉज काही उतरला नाही.

तिच्या इंग्रजी शाळेत एकही ख्रिस्ती मूल नाही, पण नाताळ कसा दणक्यात होतो! दिवाळीतले आकाशकंदील पुन्हा चढतात, कोपऱ्यात कुंडीत सुरूची फांदी उभी राहते, आणि केक कापण्याआधी बाई नारळ फोडतात. सांता दरवर्षी शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर व्हायचा. त्याच्या तंबाखूच्या वासावरून पोरं त्याला लांबूनच ओळखायची. ईश्वरीनं वर्गात जाहीर करून टाकलं की यंदाचा सांता तिचे पप्पा आहेत, ते नुकतेच दवाखान्यातून आलेत आणि ते तंबाखू खात नाहीत. आता माघार घेतली असती तर पोरगी तोंडघशी पडली असती. शिवाय, खरं सांगायचं तर, महिनाभर पेशंट होऊन मलाही कंटाळा आला होता. मी अजून कशाच्या तरी उपयोगाचा आहे, हे मला तिला दाखवायचं होतं.

सुमन म्हणाली, "दोन पायऱ्या चढताना दम लागतोय आन् सांता व्हायचंय? पोरं कोन उचलनार?"

"उचलायची नसत्यात. नुसत्या गोळ्या वाटायच्या असत्यात."

"गोळ्या तर तुमालाच चालू हायेत!"

एवढं बोलून तिनं टेलरकडे लाल झगा शिवायला टाकला. राहिली दाढी. ती ईश्वरीनं घरीच करायची ठरवली. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी तिनं देवाच्या वातींसाठी आणलेला कापसाचा सगळा गठ्ठा उलगडला आणि डिंकानं माझ्या तोंडावर चिकटवला. दाढी बसली, पण मिशी सारखी पडायची. म्हणून तिनं मिशीचे दोन झुपके माझ्या नाकपुड्यांत खोचले. दाढी सरकू नये म्हणून हनुवटीखालून रुमाल घेऊन डोक्यावर गाठ मारली. डिंक ओघळून कपडे खराब होऊ नयेत म्हणून गळ्यापर्यंत पांढरी चादर घातली. मग वाळण्यासाठी मला पडवीत पंख्याखाली चटईवर उताणा झोपवण्यात आलं. पाय दक्षिणेकडे येत होते, पण वारा तिथंच लागत होता. डासांचा आता धसकाच होता, म्हणून सुमननं उशाशी उदबत्ती लावली.

(वाचकांच्या लक्षात आलंच असेल. घरातल्या तिघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही!)

"पप्पा, तासभर हलायचं नाय आन् बोलायचं पण नाय," ईश्वरीनं बजावलं. "दाढी सुटली तर दुसरा कापूस नाय." आणि तिला शाळेत सोडून येताना झगा आणायला सुमन तिच्याबरोबर गेली. मी तोंडानं श्वास घेत पडून राहिलो. अशक्तपणामुळे लगेच डोळा लागला.

शेजारच्या पारूआत्या रोज दहाच्या पुढे माझ्यासाठी पेज घेऊन यायच्या. आमच्याकडे मयताच्या घरी आत्यांना मोठा मान आहे. त्यांनी सुरुवात करून दिल्याशिवाय बाकीच्या बायकांना सूर सापडत नाही. त्या दिवशी त्यांना दारातच सूर सापडला.

"आरं माझ्या दत्तूऽऽ! काल म्हनलास, आत्या, पेजंत मीठ कमी हाय! आज मीठ घालून आनली रंऽऽ, आता ती कुनाला पाजू!"

मी खडबडून जागा झालो. म्हणजे आतल्या आत. डोळे उघडावेत असं फार वाटलं, पण आत्यांचं वय ऐंशीच्या पुढे. प्रेतानं त्यांच्याकडे बघितलं असतं तर घरात खरोखरीचं मयत झालं असतं! आणि दाढी वाळायला अजून अर्धा तास होता. मी पडून राहायचं ठरवलं. तेवढ्यात पडवी माणसांनी भरली.

"कवा गेला?"

"काय म्हाईत. सकाळी तर चहा पिताना दिसला व्हता."

"पेशी कमी झाल्या आसत्याल."

कुणीतरी जुन्नरला माझ्या मेहुण्याला, विलासला, फोन लावला. विलास एरवी कुठल्याच कामात वेळेवर नसतो. त्या दिवशी मात्र पाच मिनिटांत त्यानं मोबाइलवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकली. फोटो त्याच्या लग्नातला, माझ्या तोंडात अख्खी जिलेबी असलेला! (हे मला नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तर लगेच उठलो असतो.)

"मानूस लई चांगला व्हता," कुणीतरी म्हणालं. मला चादरीखाली बरं वाटलं.

"मानूस चांगलाच व्हता. पन त्यानं भरलेली मोटार टिकत न्हवती, राव. माझी दोनदा जळाली."

"माझी तीनदा!"

"तुमचं सोडा," हा आवाज शंकरनानांचा. "माझी अजून त्याच्या दुकानात पडलीय. कांद्याला पानी कसं देऊ? दुकानाची किल्ली कुठं आसंल?"

"खिशात बघा की, नाना. आता त्यो काय नको म्हनतोय?"

नानांचा थंडगार हात चादरीखाली शिरला आणि बरगड्यांवरून खिशाकडे सरकू लागला. मला लहानपणापासून गुदगुल्या सहन होत नाहीत. मी श्वास कोंडला. तो कोंडलेला श्वास नाकात गेला, आणि नाकात कापूस होता.

मी शिंकलो.

एक झुपका नानांच्या चष्म्यावर बसला, दुसरा उदबत्तीवर. पडवी इतक्या झटकन रिकामी झाली की निम्म्या चपला मागेच राहिल्या. एकट्या पारूआत्या जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, पदरानं डोळे पुसले आणि वाटी पुढे केली.

"ऊठ. पेज गार व्हतीय. आता मीठ बघ."

इतक्यात सुमन आली. तिनं कोपऱ्यावरून पळणारी माणसं पाहिली होती आणि आपल्या दारातल्या चपलांचा ढीग पाहिला होता. झगा छातीशी धरून ती धावतच आत आली. मी अर्धी दाढी लोंबकळत पेज पीत बसलो होतो. ती मटकन पायरीवर बसली आणि रडायला लागली. अकरा दिवसांचं साठलेलं सगळं रडली.

"अगं, काय न्हाई झालं मला," मी म्हणालो.

"गप पडा!" ती म्हणाली आणि आणखी रडली. आपण या बाईला किती घाबरवलंय, हे मला तेव्हा कळलं आणि फार वाईट वाटलं. मी तिचा हात हातात घेतला. डिंकामुळे तो बराच वेळ सुटला नाही.

तिकडे विलासची श्रद्धांजली शाळेपर्यंत पोहोचली होती. ईश्वरी गेटवर उभी होती. बाईंनी डोळ्यांत पाणी आणून तिला जवळ घेतलं. "बाळा, पप्पांची वाट नको बघूस. ते आता..."

"येणार आहेत, बाई. वाळत घातलेत."

बाईंना हुंदका आवरेना. तेवढ्यात सुमनच्या स्कूटीवर मागे बसून मी गेटातून आत आलो. अंगात लाल झगा, पोटावर बांधलेली उशी, एका गालावर दाढी. बाई किंचाळल्या आणि त्यांच्या हातातला नारळ सुटून पायरीवर फुटला. पोरांना वाटलं कार्यक्रम सुरू झाला, त्यांनी टाळ्या वाजवल्या. ईश्वरी माझ्याकडे चालत आली, हात कमरेवर ठेवून.

"हलला ना? सांगितलं व्हतं!"

मग मला घट्ट धरून ती तशीच उभी राहिली. मी तिला उचललं. पायऱ्यांवर दम लागणाऱ्या माणसाला ते कसं जमलं, ते मला माहीत नाही.

रात्री गरम पाण्यानं डिंक काढताना माझी स्वतःची निम्मी मिशीही निघाली. उरलेली मी भादरून टाकली. नव्या वर्षात नव्यानं सुरुवात करायची म्हणून एक जानेवारीला दुकान उघडलं. पहिलं गिऱ्हाईक शेजारच्या लोणी गावचं. त्यानं माझ्या रोडावलेल्या अंगाकडे, गुळगुळीत ओठाकडे पाहिलं आणि टोपी काढली.

"मोबाइलवर वाचलं. लई वाईट झालं, पावणं. दत्तूशेठ तुमचं कोन?"

दाढीपासूनची सगळी हकीकत सांगत बसलो असतो तर गिऱ्हाईक निघून गेलं असतं. मी म्हणालो, "थोरले भाऊ."

"हां. गेलेल्या मानसाला बोलू न्हाई, पन त्यांनी भरलेली मोटार महिनाभर बी चालायची न्हाई." त्यानं मोटार समोर ठेवली. "ही तुमी सोता भरनार ना?"

"मीच भरणार," मी म्हणालो. "आता दादांचा हात लागायचा प्रश्नच नाही."