पिवळ्या दिव्याची उघडझाप
आज दारासमोर एका कंपनीची बस बराच वेळ चालू उभी होती, तिच्या धुराचा वास घरात आला आणि मला सणसवाडीचं ते आवार आठवलं. नवरा गेल्यावर मी तिथं कामगारांच्या बसगाड्या झाडायला जायची. नव्या गाड्यांच्या इंजिनात बिघाड झाला की ड्रायव्हरसमोर पिवळा दिवा लागायचा. गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी खाली दोन तारा जोडल्या की तोच दिवा थांबून थांबून उघडझाप करायचा, आणि तो किती वेळा लागला त्यावरून काय बिघडलंय ते त्यांना कळायचं. ते गाडीखाली असायचे, म्हणून मी झाडू ठेवून ड्रायव्हरच्या सीटवर बसायची आणि मोजून सांगायची. "मोठ्यानं बोला की बाई, दिव्याला लाजताय व्हय?" असं ते खालून म्हणायचे. संध्याकाळी गावी निमोण्याला परतल्यावर घरात कुणीच नसायचं, त्यामुळं दिवसभरात माझं बोलणं तेवढंच, आणि ते ऐकायला कुणीतरी थांबलेलं असायचं. मग एका सकाळी पुण्याहून हातात मावेल असं यंत्र आलं. मिस्त्रींनी त्याची वायर गाडीला लावली आणि बिघाडाचा आकडा आपोआप पडद्यावर आला. "बघा बाई, तुमचा तरास वाचला," ते हसून म्हणाले. "व्हय, बरं झालं," मी म्हणाले. त्या दिवशी त्यांच्या शेजारची बस मी पुन्हा पुन्हा झाडत राहिले, पण हाक आली नाही. मला त्या मोजण्याचा कधी त्रास नव्हता, हे तेव्हा तोंडातून निघालं नाही. आज इथं लिहिलं.