सहा नवे शर्ट

शनिवारी सकाळी कंपनीची बस पकडायला दार उघडलं, तर उंबऱ्यापाशी तीन गाठोडी. जुन्या चादरींमध्ये करकचून बांधलेली. एकाला कागद टाचला होता आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘आफ्रिका’. क्षणभर वाटलं, कुणाचं तरी सामान चुकून आपल्याकडे आलंय. मग लक्षात आलं, या इमारतीत आफ्रिकेच्या नावाने काही आलं तर ते माझंच असणार. बस सुटेल म्हणून गाठोडी पायाने आत सरकवली आणि पळाले.

मी टांझानियाची. बारा वर्षांपूर्वी दार-ए-सलामहून इंजिनिअरिंग शिकायला पुण्याला आले, वर्गातल्याच एका मुलाशी लग्न केलं आणि रहाटणीची होऊन बसले. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचे पार्ट तपासते. घरात नवरा, सात वर्षांची मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंना मी त्यांच्या घरच्या रीतीप्रमाणे आत्या म्हणते. मराठी त्यांच्याकडूनच शिकले, त्यामुळे चिडले की माझ्या तोंडून ‘न्हाई’ बाहेर पडतं आणि कंपनीत सगळे खूश होतात. मी चिडते बऱ्याचदा.

लिफ्टमध्ये लोक मला अगदी प्रेमाने प्रश्न विचारतात. तुमच्याकडे घरं पक्की असतात का? सिंह वस्तीत येतात का? पहिली काही वर्षं मी नीट समजावून सांगायचे, की आमचं शहर समुद्रकाठचं आहे, मोठं आहे, तिथेही ट्रॅफिक तुंबतं, तिथेही बिल्डर आहेत. नंतर कंटाळा आला. आता सांगते, मी सिंह पहिल्यांदा पाहिला तो इथे पुण्यात, प्राणिसंग्रहालयाचं तिकीट काढून. हे अगदी खरं आहे. लोक हसतात, तेवढ्यात आमचा चौथा मजला येतो आणि मी सुटते.

त्या आठवड्यात मात्र मला चेष्टा सुचत नव्हती. माझ्या धाकट्या भावाला पिंपरीजवळच्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला होता. आमच्या दोन खोल्यांत आधीच चार माणसं, म्हणून समोरच्या विंगमधला एक छोटा फ्लॅट त्याच्यासाठी बघितला. मालक मोशीला राहायला गेलेले, ते तयार होते. अडत होतं ते सोसायटीच्या एनओसीवर. कमिटीने ती रविवारच्या मीटिंगवर ढकलली होती. चेअरमनकाकांनी मला पार्किंगमध्ये गाठून आवाज खाली आणून सांगितलं, “वहिनी, तुमचा प्रश्नच नाही, तुम्ही आपल्या घरच्या. पण बाहेरची मुलं म्हटली की लोक बोलतात. दारू, पार्ट्या, ते पावडर-बिवडर. आपल्याकडे लेकीबाळी आहेत.”

माझा भाऊ कोळंबी खाल्ली की अंगभर पुरळ येणारा, आईला विचारल्याशिवाय केस न कापणारा मुलगा. हे मी चेअरमनकाकांना सांगितलं नाही. नुसतं “हो काका” म्हटलं. आईने त्याला माझ्या भरवशावर पाठवायचं कबूल केलं होतं. भारतात आफ्रिकन मुलांना मारहाण झाल्याच्या बातम्या तिच्याही कानावर जातात. दर वेळी मी सांगते, तसलं इकडे काही नाही, आमच्या सोसायटीत सगळे घरच्यासारखे आहेत. एनओसी नाकारली गेली असती, तर बारा वर्षं मी आईला काय सांगत आले होते, त्याचा हिशेब द्यावा लागला असता.

आता गाठोड्यांचं. चेअरमनकाकांच्या पत्नी, आमच्या काकू, मनाने फार चांगल्या. माझ्या बाळंतपणात महिनाभर त्यांनी डिंकाचे लाडू पुरवलेत, हे मी विसरणार नाही. त्यांना मी सहज म्हणाले होते, की मे महिन्यात दोन आठवडे घरी जाऊन भावाला घेऊन येते. काकूंनी लगेच सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला. आपल्या वहिनी गावी चालल्या आहेत, तिथल्या गरीब मुलांसाठी जुने कपडे द्यावेत, पुण्याचं काम आहे. खाली हात जोडलेले.

मी दिवसभर कंपनीत असताना लोक पुण्य करत राहिले. लाइनवर माझं लक्ष नव्हतं. नापास पार्टला लाल टॅग लावायचा असतो, तो मी दोनदा चांगल्या पार्टला लावला आणि सुपरवायझरची बोलणी खाल्ली. संध्याकाळी घरी आले तर नऊ गाठोडी झाली होती. मुलगी त्यांवर चढून बसली होती. आत्या चहा पीत म्हणाल्या, “दर घटकेला घंटी वाजत्याय. मी म्हणलं ठेवा हितंच.”

जुन्या कपड्यांचा मला का एवढा राग यावा, हे सांगायला हवं. माझी आई शिवणकाम करते. मी लहान असताना तिच्याकडे तीन मशिनी होत्या आणि दोन बायका कामाला. पण आमच्या बाजारात परदेशातून जुन्या कपड्यांचे गठ्ठे येतात. तिकडच्या लोकांनी गरिबांसाठी म्हणून दिलेले कपडे, आमच्याकडे ढिगाने विकले जातात. नवा फ्रॉक शिवायला टाकण्यापेक्षा ढिगातला उचलणं लोकांना परवडायला लागलं. आईच्या दोन मशिनी गेल्या, दोन्ही बायका गेल्या. आणि खरं सांगायचं तर मीही त्या ढिगातली जीन्स हट्टाने घेतली होती, चौदा वर्षांची असताना. आईने ती माझ्या मापाची करून दिली आणि एक शब्द बोलली नाही. ती जीन्स घातलेला माझा फोटो आजही मला बघवत नाही.

त्यात काकू आल्या. दहावं गाठोडं स्वतः घेऊन, धापा टाकत. “बघ, किती जमलं! लोकांचा जीव आहे हो तुझ्यावर.” माझ्या डोक्यात रविवारची मीटिंग. नाही म्हणावं तर काकू दुखावतील, काकू दुखावल्या तर काका. हो म्हणावं, तर आमच्याकडे लोक उघडे फिरतात हे मीच सही करून दिल्यासारखं. आणि जो उघडा फिरतो तो उद्या आपल्या घरातलं उचलेल, असं लोकांना वाटणारच. म्हणजे दया आणि भीती, दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून माझ्या दारात आली होती. हे मला त्या क्षणी स्वच्छ दिसलं आणि तरी मी म्हणाले, “थँक्यू काकू.” वर त्यांना चहाही केला. त्या थँक्यूची मला आजही लाज वाटते.

रविवारी सकाळी खालून आरोळी ऐकू आली. बोहारीण. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी घेऊन ती महिन्या-दोन महिन्यांनी आमच्या गल्लीत येते, जुन्या कपड्यांवर भांडी देते. मला काय झालं कोण जाणे, मी गॅलरीतून तिला वर बोलावलं. वॉचमनने सोडायला खळखळ केली, तर आत्यांनी वरूनच त्याला दोन शब्द सुनावले.

बोहारणीने बैठक मारली आणि एकेक गाठोडं सोडलं. मी तपासणीच्या कामातली, पण तिच्यासारखी तपासणी मी पाहिली नाही. साडी उजेडाकडे धरायची, बोटाने ताणून बघायची, शर्टाची कॉलर उलटी करायची. दोन ढीग होत गेले. चांगल्याचा गुडघ्याएवढा, आणि दुसरा वाढतच चाललेला. विटलेले गाऊन, इलॅस्टिक गेलेल्या चड्ड्या, काखेत फाटलेले टी-शर्ट, एक पाय नसलेला लहान मुलाचा पायजमा.

“हे?” मी दुसऱ्या ढिगाकडे बोट दाखवलं.

“हे कोण घेणार ताई? फडक्याला पण येत न्हाई,” ती म्हणाली आणि विचारलं, “कुणी दिलं तुम्हाला?”

मी तो पायजमा उचलून त्याची घडी घालायला लागले. आत्या इतका वेळ भांड्यांचा भाव करण्यात दंग होत्या, त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. चांगल्या ढिगावर त्यांनी एक मोठं पातेलं घासाघीस करून मिळवलं, वर झाकण. बोहारीण गेल्यावर मी उरलेले कपडे पोत्यात भरले आणि पोतं बाथरूमच्या दारामागे लपवलं. ठरवलं, पातेलं सोसायटीच्या गणपतीला द्यायचं, गोड बोलायचं, एनओसी घ्यायची आणि पोतं एखाद्या सकाळी कचरागाडीत टाकायचं.

अकरा वाजता पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. मी पातेलं टेबलावर ठेवलं. कपड्यांच्या बदल्यात हे घेतलंय, प्रसादाला होईल, असं काहीतरी म्हणाले. काकूंचा चेहरा उतरला. “अगं, ते तुझ्या गावच्या पोरांसाठी होतं ना?” मी पाठ केलेलं सगळं विसरले. तेवढ्यात लिफ्ट उघडली आणि आत्या बाहेर आल्या, पोतं फरफटत.

त्यांनी ते टेबलापुढे उपडं केलं.

“हे बोहारणीनं न्हाई घेतलं,” आत्या म्हणाल्या. “हिची आई शिवणकाम करती. तिला काय ह्ये दावायचं? ज्याचं त्यानं वळखून घ्या.”

कुणी उठलं नाही. पहिल्या मजल्यावरचे साहेब मोबाइल बघायला लागले. तो एक पायाचा पायजमा सगळ्यांत वर पडला होता. गेलं, भावाचं घर गेलं, एवढंच डोक्यात. आत्यांचा मला त्या क्षणी इतका राग आला की मी खाली वाकून कपडे गोळा करायला लागले. मग काकू उठल्या. माझ्या शेजारी बसल्या, त्या ढिगातून आपला एक गाऊन ओढला, घडी घालून पदराखाली घेतला आणि म्हणाल्या, “माझं चुकलं गं. मी बघितलंच नाही काय दिलं ते.” त्यांचे डोळे भरले होते. माझेही.

चेअरमनकाकांनी घसा साफ केला आणि विषय पत्रिकेवर घेतला. चर्चा अशी झालीच नाही. आमची इमारत ज्या रानात उभी आहे ते आत्यांच्या सासऱ्यांचं होतं, हे जुन्या सगळ्यांना माहीत आहे. “आजींच्या शब्दाखातर” असं म्हणत एनओसी मंजूर झाली. माझ्या बारा वर्षांचं कुणी नाव काढलं नाही. वर अटी आल्या. रात्री दहाच्या आत घरी. मित्र आणायचे नाहीत. मोठ्याने गाणी नाहीत. पोलीस व्हेरिफिकेशनचा कागद आणि त्याच्या वर्तनाची हमी बहिणीने लेखी द्यायची. तीन वेगवेगळ्या फ्लॅटांत बाहेरगावची कॉलेजची पोरं राहतात, त्यांना यातली एकही अट नाही. मी ते बोलून दाखवायला हवं होतं. मी पेन मागितलं आणि सही केली.

संध्याकाळी भावाला फोन लावला. जागा मिळाली म्हटल्यावर तो ओरडलाच, मागून आईचंही हसणं ऐकू आलं. मग मी त्याला सांगायला लागले. लिफ्टमध्ये मोठ्याने हसायचं नाही. बनियनवर गॅलरीत यायचं नाही. बायका दिसल्या की बाजूला व्हायचं, नमस्कार काकू म्हणायचं. कुणी सिंहाचं विचारलं तर हसून सोडून द्यायचं. कुणी फोटो काढला तरी भांडायचं नाही. बोलता बोलता लक्षात आलं, कमिटीने पाचच अटी घातल्या होत्या आणि मी अकराव्यावर पोचले होते. तरी थांबता येईना.

“आणि आईला सांग,” मी म्हणाले, “सहा नवे शर्ट शिव म्हणावं. कडक कॉलरचे. जुना एकही आणू नकोस.”

“माझा निळा शर्ट आणतो ना,” तो म्हणाला. “तो मऊ झालाय आता. घरात घालायला.”

“नको.”

“का? तिथे लोक घरात जुने कपडे घालत नाहीत?”

समोरच्या विंगच्या खालच्या गॅलरीत पहिल्या मजल्यावरच्या साहेबांचा मुलगा उभा होता, खांद्यावर भोक पडलेल्या टी-शर्टात, आरामात चहा पीत.

“घालतात,” मी म्हणाले. “तू घालायचा नाहीस.”

मग त्याने आईला हाक मारून सहा शर्टांचं सांगितलं, आणि आईने मशीनवरूनच विचारलं, “एवढे कशाला? तिथले सगळे घरच्यासारखे आहेत ना?”