कनूमधली दुसरी जागा

स्वीडनच्या अगदी वरच्या टोकाला, रस्ता संपतो तिथून पुढे बोटीने जावं लागतं अशा एका लॉजवर उन्हाळ्याचा आठवडा काढायचा, हे माझं दोन वर्षांपासूनचं खूळ. फोटो पाहून बऱ्याच जणांनी विचारलं, कसं गेलात, मुलांना झेपतं का, खायचे हाल होतात का. सगळं सांगतो. पण आधीच कबूल करून टाकतो की या प्रवासात मी बराच वेळ नुसता जळत होतो, तेव्हा वर्णनाला थोडा करपट वास येणार.

खुळामागे एक कारण होतं. आमची इरा दहा वर्षांची. जन्म इथला, शाळा इथली, नीउ-व्हेनेप या डच गावातली. मराठी तिला सगळं कळतं, पण मी मराठीत विचारायचं आणि तिने डचमध्ये उत्तर द्यायचं, असा आमच्या घरातला कारभार आहे. "जेवायला ये गं" म्हटलं की खोलीतून "इक कोम झो!" येतं, म्हणजे येतेच. लॉजवर नेट नाही, मैत्रिणी नाहीत. कनूत माणसं दोनच बसतात. पुढे ती, मागे मी, आणि तळ्यातल्या बेटापर्यंत तासभर नुसतं पाणी. त्या तासात पोरगी माझ्याशी मराठीत बोलेल, असा माझा बेत. त्यासाठी वर्षभर दर रविवारी सकाळी मी इथल्या रिंगफार्ट कालव्यात कनू वल्हवायला शिकलो. बदकांसमोर किती वेळा पालथा झालो ते गौरीला, म्हणजे माझ्या बायकोला, अजून सांगितलेलं नाही.

निघायच्या पंधरा दिवस आधी गौरीने बातमी दिली. "भाऊजी जर्मनीत येतायत, छपाईच्या मशिनांच्या प्रदर्शनाला. पुढे आपल्याकडे येतील. त्यांनाही घेऊन जाऊ या ना!"

भाऊजी म्हणजे शिरीषराव, तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान आणि माझे साडू. कऱ्हाडला त्यांचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. मेव्हणी शिक्षिका, आणि तिकडच्या शाळा जूनमध्येच उघडतात, म्हणून ते एकटेच आले. स्खिपोल विमानतळावर बाहेर आले ते पायात सँडल, अंगात बायकोने विणलेला स्वेटर आणि हातात बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन. "जर्मनीत भाषेचं कसं जमवलंत?" मी विचारलं. म्हणाले, "डीलरचा माणूस होता की बरोबर. आपलं इंग्रजी म्हणजे काय, यस, नो, आणि थँक्यू."

आता प्रवास. स्खिपोलहून स्टॉकहोम, तिथून दुसऱ्या विमानाने किरुना. तिकिटं हिवाळ्यातच काढून ठेवा, नाहीतर उन्हाळ्यात डोळे पांढरे होतात. किरुनाला गाडी भाड्याने घेतली. ऑटोमॅटिक हवी असेल तर आधी सांगून ठेवा. डिझेल आणि किराणा तिथेच भरून घ्या, कारण पुढे फक्त बर्चची झाडं आहेत. आणि रेनडिअर. हे प्राणी रस्त्याच्या मधोमध उभे राहून आपल्याकडे अशा नजरेने बघतात की हॉर्न वाजवायचीच लाज वाटावी.

विमानात इरा आणि शिरीषराव शेजारी बसले होते, आणि गाडीतही मागे तेच दोघे. "ते काय गं पांढरं?" "काका, तो बर्फ आहे. डोंगरावर. उन्हाळ्यात पण असतो." "आणि ह्या पाटीवर काय लिहिलंय?" "मला स्वीडिश नाही येत, पण थोडं डचसारखं आहे. थांब, सांगते."

मी आरशात पाहिलं. मागे त्या दोघांशिवाय कोणी नव्हतं. हे मराठी माझ्याच पोरीच्या तोंडून येत होतं, सलग, न अडखळता. तेवढ्यात गौरी ओरडली, "विनायक, रेनडिअर!" आणि मी ब्रेक दाबला.

रस्ता संपतो तिथे एक लाकडी धक्का आहे. लॉजची मालकीण बिर्गिता स्वतः मोटरबोट घेऊन आली होती. साठीची असेल, दंड माझ्या दुप्पट. लॉज म्हणजे तळ्याकाठी लाकडाच्या पाच-सहा खोल्या आणि एक मोठं स्वयंपाकघर. पाणी ओढ्याचं, संडास बाहेर, पण दोन्ही स्वच्छ. राहणं, दोन वेळचं जेवण, कनू आणि सॉना धरून जे पैसे पडतात त्यात कोकणात महिनाभर मजेत राहता येईल. शाकाहारी लोकांनी कळवून ठेवावं. गौरीला रोज बटाटे, मशरूमचं सार आणि भाकरीच्या जवळपास जाणारी एक पातळ रोटी मिळाली. मी तळ्यातला मासा खाल्ला, गुलाबी, लोण्यात भाजलेला. त्याच्याबद्दल मात्र माझी काही तक्रार नाही.

डासांचं मात्र मनावर घ्या. डोक्यावरून घ्यायची जाळी मी सगळ्यांसाठी आणली होती. फायदा कोणाला झाला? शिरीषरावांनी जाळी घालून नवरदेवासारखं मिरवून दाखवलं आणि इरा हसून हसून जमिनीवर बसली.

पुढचे दोन दिवस हेच. बिर्गिता लाकडं फोडायला शिकवणार, शिरीषराव इराला विचारणार, "काय म्हणती गं ती?", इरा मराठीत सांगणार, मग काकांचा प्रश्न इंग्रजीत बिर्गिताला विचारणार आणि उत्तर परत मराठीत. मी मध्ये पडून म्हणालो, "शिरीषराव, ती म्हणतेय कुऱ्हाड जरा खाली धरा." इराने माझ्याकडे डोळे वटारले आणि डचमध्ये सुनावलं की हे तिचं काम आहे. शिरीषरावांचा घाव लाकडाच्या बाजूला मातीत बसला. बिर्गिताला ते भारी आवडलं. माझं लाकूड पहिल्या घावात दुभंगलं, ते फक्त कुत्र्याने पाहिलं.

सॉनाच्या गरम वाफेच्या खोलीतून बाहेर पळत येऊन थंडगार तळ्यात उडी मारायची तिथली पद्धत आहे. मीच पहिली मारली. छातीत श्वास अडकला, तरी हसत वर आलो. पाहतो तर सगळे पाठमोरे. शिरीषराव टॉवेल गुंडाळून काठावर उभे होते, एक पाय पाण्यात घालत होते आणि "आई गं" म्हणून परत काढत होते, आणि इरा त्यांचा हात धरून म्हणत होती, "काका, घाबरू नको. मी आहे ना." हे वाक्य माझ्या वाट्याला कधी आलेलं नाही.

"तू जळतोयस," रात्री गौरी म्हणाली. रात्री म्हणजे नावाला, उजेड दुपारसारखाच.

"मी? त्या सँडलवाल्यावर?"

"मग ती उशी का बुकलतोयस?"

कनूचा दिवस उजाडला. ढग नव्हते, वारा नव्हता, तळ्यात डोंगर उलटा दिसत होता. मी मागच्या जागेवर वल्हं घेऊन बसलो आणि पुढची जागा पुसून ठेवली. इरा आली, लाइफ जॅकेटचे बंद आवळत, आणि डचमध्ये म्हणाली की ती काकांबरोबर जाते, त्यांना येत नाही ना. तुला तर येतं.

पुढच्या जागेवर गौरी बसली.

रिंगफार्टवर गाळलेला घाम वाया गेला नाही, एवढं नक्की. आमची कनू बाणासारखी गेली. मागे ते दोघे गोल गोल फिरत होते. "काका, डावीकडे! डावीकडे!" "अगं, माझी डावी की तुझी?" बेटावर पोचून आम्ही थर्मासमधला चहा प्यायलो, बिस्किटं संपवली, तरी ते अजून पाण्यातच होते. शांत पाण्यावरून आवाज फार लांब येतो. काठाजवळ आल्यावर दमून त्यांनी वल्ही आडवी ठेवली होती, आणि इरा सांगत होती.

"फेन्ना आल्मेरेला राहायला गेली. ती माझी बेस्ट होती. मी खूप रडले, बाथरूममध्ये."

"मग?"

"मग काही नाही. आता मी एकटी खाते डबा."

फेन्ना गेल्याचं मला माहीत होतं. तिच्या घरच्यांना सामान हलवायला खोकी मीच दिली होती. रडण्याचं नव्हतं माहीत. गौरीने माझ्याकडे पाहिलं, तिलाही नव्हतं. मी उठून बेटाच्या दुसऱ्या बाजूला गेलो. जाम हेवा वाटला मला त्या माणसाचा. दोन शब्द विचारले होते त्याने, "मग?" आणि आधी कधीतरी "काय गं, गप्प का?" एवढंच विचारलं असणार. मला ते विचारायला आठवडा, लॉज आणि वर्षभराची तालीम लागली, आणि तरी मी दुसऱ्या कनूत होतो.

शेवटच्या दिवशी समोरचा डोंगर चढलो. वाट सोपी आहे, वर दगडगोटे; पाण्याची एक बाटली पुरे, ओढे जागोजागी आहेत. सँडलमुळे शिरीषरावांच्या टाचेला फोड आला. बँडेज माझ्याकडे होतं. ते इराने लावलं.

परत आल्यावर चार दिवसांनी शिरीषरावांना पोचवायला स्खिपोलला गेलो. गौरी आणि इरा मावशीसाठी स्ट्रोपवाफलची गोड बिस्किटं घ्यायला दुकानात शिरल्या. शिरीषरावांची बॅग चीजमुळे जड भरली. मी पुढे सरसावलो, तर ते आधीच काउंटरवर वाकले होते. "मॅडम, ओन्ली थ्री किलोज. इफ आय गो होम विदाउट चीज, माय वाइफ विल नॉट ओपन द डोअर. यू आर मॅरिड? देन यू नो." पलीकडची बाई खळखळून हसली आणि बॅग पट्ट्यावरून गेलीसुद्धा.

मी पाहतच राहिलो. "शिरीषराव! तुम्हाला इंग्रजी येतं!"

"येतं की. मशीन काय खुणांनी विकत घेतलं?"

"मग तिकडे ते सगळं, 'काय म्हणती गं ती'..."

"अहो विनायकराव, पोरगी इतकी छान बोलत होती. मी कशाला अडवू?" त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. "तुम्हाला सगळंच येतं हो. त्याला कोण काय करणार?"

लबाड माणूस. गाडी चालवत घरी येईपर्यंत मी त्यांना मनात शिव्या घालत होतो, आणि नीउ-व्हेनेपची पाटी दिसली तोवर त्यांची युक्ती चोरायचं ठरवलंही होतं.

पुढच्या शनिवारी इराला घेऊन बाजारात गेलो. तळलेल्या माशाच्या गाडीसमोर रांगेत उभे राहिलो, तिला ते तुकडे फार आवडतात. आमचा नंबर आला. मी चेहरा जमेल तितका बावळट केला आणि म्हणालो, "इरा, विचार ना गं त्याला, हा सॉस तिखट आहे का? मला नाही सांगता येत."

इराने वर पाहिलं. गाडीवाला मला सात वर्षं ओळखतो, त्यानेही पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "तुला येतं की."

मी निमूटपणे डचमध्ये दोन प्लेट मागितल्या. बाकावर बसून खाल्ल्या. फेन्नाचं विचारावं असं खूप मनात होतं, पण तोंडात गरम मासा होता आणि धीर होत नव्हता. घरी गौरी कपडे वाळत घालत होती. तिला म्हटलं, "आज ती माझ्याशी मराठीत बोलली."

"खरंच? काय म्हणाली?"

ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.