बिब्ब्याने काढलेली छत्री

मालेगावच्या वाटेवरचे आमचे गाव. वडील तिथे शाळामास्तर होते आणि गावचे पाटील त्यांचे बालमित्र. लहानपणी एकाच विहिरीत दोघे पोहायला शिकले होते. पुढे एका उन्हाळ्यात पाटलांनी "जरा धर रे" म्हणून आपली छत्री वडिलांच्या हातात दिली आणि ती परत घेतलीच नाही. तेव्हापासून पाटील सावलीत चालायचे. वडील अर्धे पाऊल मागे, हात उंच धरून, उन्हात. त्यांच्या सदऱ्याच्या पाठीवर घामाचे मीठ पांढरे उमटायचे. रोज ते धुताना मला संताप यायचा. वडील म्हणायचे, दोस्तीत मोजमाप नसते.

पाटलांच्या मुलीचे लग्न ठरले. लग्नघराची दर्शनी भिंत रंगवण्याचे काम माझ्याकडे आले, कारण गावात माझा हात चांगला होता. आमच्याकडे ही चित्रे मुलगी दिवाळसणाला माहेरी येईपर्यंत पुसत नाहीत. मी हत्ती काढले, तुळस काढली आणि दाराशेजारी ते दोघे मित्र. वडिलांना गेरूने रेखले, अर्धे पाऊल मागे, हात उंच धरून. पाटील आणि त्यांची छत्री मात्र बिब्ब्याच्या रसाने काढली. परीट कपड्यावर खूण करतो तो हाच रस. बोटांना फोड आले. ते मी पदराखाली लपवले.

चित्र पाहून पाटील खूश झाले. वडीलही हसले. बायकांनी मात्र एकमेकींकडे पाहिले.

वरात आली. मांडवाच्या दारात पाटील व्याह्यांचे स्वागत करत होते, वडील मागे छत्री धरून. व्याह्यांनी भिंतीकडे बोट केले.

"तुमी तं वळखू आले. हा छत्रीवाला कोन होय?"

पाटलांनी मागे वळून पाहिले नाही.

"नोकर हाय आमचा."

वडिलांनी छत्री मिटली, चित्राखाली भिंतीला टेकवली आणि न जेवता ते घरी गेले. मी पोहोचले तेव्हा पायऱ्यांवर बसून चपलेची धूळ झाडत होते.

"मले अनवानी काहून काढलं, बाई?"

चपलेची ती एक रेघ माझ्या क्रोधाने गाळली होती, आणि ते लागले भलत्यालाच. बाकी कशाचाही मला खेद नाही.

पाटलांनी दोनदा निरोप धाडले. वडील गेले नाहीत. उन्हाळाभर पाटील उघड्या डोक्याने त्या भिंतीसमोरून जात राहिले, आणि मी पाण्याची घागर मुद्दाम त्याच रस्त्याने आणत राहिले.

दिवाळीत मुलगी आली, सण झाला, आणि दुसऱ्याच दिवशी पाटलांनी भिंतीला चुना फासला. बिब्ब्याची खूण चुन्याने पक्की होते, हे परिटाला ठाऊक असते, पाटलांना नव्हते. चुना वाळला. हत्ती गेले, तुळस गेली, माझे वडील अनवाणी पायांनी निघून गेले. राहिले ते काळे कुळकुळीत पाटील, आणि त्यांच्या डोक्यावर कुणीच न धरलेली छत्री.